ऊसतोडीहून परत आलेल्या मुलांना एप्रिलमध्ये नेमकं काय शिकवू?

नवी_मास्तरीण (१२ एप्रिल, रात्री ९:५०)

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसतं वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी मूळची नाशिक शहरातली, गेल्या जूनपासून बीड जिल्ह्यात डोंगरपट्ट्यातल्या एका दोनशिक्षकी झेडपी शाळेवर शिक्षणसेवक आहे. तिसरी-चौथी माझ्याकडे, एकाच खोलीत. पट ३१. दिवाळीची सुट्टी संपवून शाळेत आले तर वर्गात १७ पोरं. मला वाटलं गावाला गेली असतील, येतील दोन दिवसांत. शिपाईमामा म्हणाले, मॅडम, ते आता पट्टा पडल्यावरच येणार. पट्टा पडणे म्हणजे कारखान्याचा हंगाम संपणे हे मला तेव्हा कळलं, इतकी मी कोरी होते.

आता ती सगळी परत आलीत. चौथीतली एक मुलगी आहे, तिला इथे सोनी म्हणू. ऑक्टोबरात सोनी धडा घडाघडा वाचायची, जोडाक्षरावर जरा अडखळायची तेवढंच. परवा तिच्यापुढे तोच धडा ठेवला तर बोट ठेवून एकेक अक्षर लावत बसली आणि तिसऱ्या ओळीला तिचे डोळेच मिटायला लागले. रागावणार होते, मग हात बघितले. तळहाताला घट्टे, नखांत काळं.

पण खरी गोष्ट पुढे आहे. भागाकार घेत होते, फळ्यावर लिहिलं २५० × ६० ÷ १००. सोनी गप्प, पाटी कोरी. दुपारी खिचडीच्या वेळी पोरींच्या गप्पा चालल्या होत्या, सोनी सांगत होती की ती उसाच्या फडावर वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, चाऱ्याला विकायची, म्हैसवाले यायचे. मी सहज विचारलं, शेकडा अडीचशे असेल तर चाळीस पेंढ्यांचे किती? घास तोंडात तसाच आणि म्हणते, "शंभर." साठ घेतल्या तर? "दीडशे. पण साठ कोणी घेत नाही बाई, घेतला तर शेकडाच घेत्यात."

मी त्या दिवशी घरी जाऊन जेवले नाही नीट. म्हणजे हिला गणित येतं! मग माझ्या फळ्यावर काय बिघडतं? आणि शाळेचे जेमतेम तीन आठवडे राहिलेत, त्यात चौदा पोरांचं पाच महिन्यांचं काय भरून काढू? आधीपासून असलेले एक सर म्हणतात, त्यांच्यावर फार वेळ घालवू नका, ती दिवाळीला परत जाणारच, जी राहतात त्यांचा निकाल सांभाळा. वाईट माणूस नाहीत ते, दमलेत. पण मला हे पटत नाहीये आणि दुसरं काय करायचं तेही कळत नाहीये.

खडू_आणि_चहा (१२ एप्रिल, रात्री ११:१५)

मॅडम, बावीस वर्षं झाली या धंद्यात, त्यातली चौदा अशाच शाळांवर काढली. सगळ्यात आधी, राहिलेला पोर्शन भरून काढायचा हा विचार डोक्यातून काढा. तीन आठवड्यांत पाच महिने बसत नसतात. भूमिती, परिसर अभ्यास, सगळं बाजूला ठेवा. फक्त वाचन आणि चार क्रिया.

आता मी काय करतो ते सांगतो. आले की पहिल्या दोन दिवसांत प्रत्येकाला एकटं बसवून ऐकायचं. अक्षर, शब्द, साधं वाक्य, छोटा उतारा, गोष्ट. कुठे अडकलं ते वहीत. मग तिसरी-चौथी विसरायची आणि पातळीप्रमाणे गट करायचे, रोज दीड तास. चौथीचं पोरगं तिसरीच्या पोरासोबत शब्दाच्या गटात बसलं तर बसू द्या, लाज दोन दिवस वाटते. प्रथम नावाच्या संस्थेने हे खूप ठिकाणी करून दाखवलंय, २०१५ च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र या सरकारी कार्यक्रमाच्या वेळी आमच्याकडेही झालं. नाव काहीही द्या, काम तेच. सोनीसारखं पोर विसरलेलं नसतं, गंजलेलं असतं, आठ-दहा दिवसांत अर्धं परत येतं. जे मुळात ऑक्टोबरातच अक्षरावर होतं त्याचं मात्र अवघड आहे, त्याला हे दरवर्षी होतं आणि दरवर्षी ते एक पायरी खाली जातं.

कोविड आठवा. शाळा बंद पडल्या आणि असर नावाच्या शैक्षणिक पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचणारी २०१८ ला निम्मी होती, ५०.५ टक्के, ती २०२२ ला ४२.८ वर आली. केवढी बोंब झाली तेव्हा, चर्चासत्रं काय, अग्रलेख काय. ऊसतोडीच्या पोरांचा कोविड दर दिवाळीला येतो, त्याला कोण विचारतंय.

दुसरं, तुमचं खरं काम एप्रिलमध्ये नाही, पावसाळ्यात आहे. दिवाळीत निघताना पालकाच्या हातापाया पडून काही होत नाही कारण उचल, म्हणजे तोडणीच्या मजुरीची आगाऊ रक्कम, त्याने जून-जुलैतच घेतलेली असते, ती बियाण्याला, दवाखान्याला नाहीतर लग्नाला खर्चूनही झालेली असते. तेव्हा ऑगस्टमध्येच घरोघर जाऊन विचारायचं की लेकरू इथे आजीजवळ राहील का. राहणार असेल तर हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव लगेच टाकायचा, नावाला वसतिगृह, खरं म्हणजे पोरं शाळेत जेवतात आणि झोपायला घरी जातात, पण तेवढ्याने पोर गावात टिकतं. आणि हो, मंजुरी वेळेत आली तर! आमच्या एका शाळेला एका वर्षी कागद डिसेंबरात आला, तोवर पोरं ऊस तोडायला लागून दीड महिना झाला होता. जे जाणारच त्यांना शिक्षण हमी कार्ड द्या म्हणजे तिकडच्या शाळेला दाखल्यावाचून बसवून घेता येतं. कार्ड पोराच्या हातात देऊ नका, मायच्या पिशवीत गेलं पाहिजे. आणि मुकादमाचा, म्हणजे टोळी नेणाऱ्याचा, नंबर घ्या, बापाचा लागत नाही.

सडेतोड_७७ (१३ एप्रिल, सकाळी ८:०५)

थोडं कडू बोलतो. पुस्तकं फुकट, गणवेश फुकट, खिचडी फुकट, फी नाही, आता वसतिगृह पण. आणि किती द्यायचं? आमच्या वेळी कंदिलाखाली अभ्यास करून लोक कलेक्टर झाले. दरवर्षी पेपरात येतंच की ऊसतोड मजुराचा मुलगा अधिकारी. जिद्द असली की होतं. पालकांनाच शिक्षणाचं महत्त्व नाही ही खरी अडचण आहे, ती बोलायची नाही का?

कोपीतला (१३ एप्रिल, दुपारी २:३०)

सडेतोडभाऊ, ती पेपरातली बातमी माझ्यावर पण आली असती, थोडक्यात हुकली. अधिकारी नाही झालो, बँकेत आहे. कोपीत वाढलो, सहा हंगाम. तर जरा जिद्दीचं सांगतो.

पहाटे तीनला माय-बाप फडात जायचे. कोपी म्हणजे काय, पाचट नाहीतर ताडपत्री, आत माणूस ताठ उभा राहत नाही. मोठं लेकरू कोपीवर राहायचं, पाणी आणायचं, लहान्याला झोळीत हलवायचं, दहा वाजता भाकरी बांधून फडात न्यायची. रात्री गाडी भरायची पाळी आली की माय-बाप परत जायचे, ट्रॅक्टरचे लाईट थेट कोपीत यायचे, झोप कसली. ती मॅडमची पोरगी तिसऱ्या ओळीला झोपली ना, ती वाचता येत नाही म्हणून नाही झोपली, पाच महिन्यांची झोप आहे ती.

दोन हंगाम आमचा कारखाना कर्नाटकात होता. तिथल्या मास्तरांनी खरंच बोलावून वर्गात बसवलं, चांगला माणूस, पण फळा कानडीत. मी चित्रं बघायचो आणि घंटा वाजली की जेवायला पहिला. महाराष्ट्रात एका गावी बसवलं तर मागच्या भिंतीला वेगळं पोतं टाकून, हजेरीत नाव नाही, पोरं ऊसतोड्या म्हणायची आणि बाईही मला कधी प्रश्न विचारायच्या नाहीत. एक गोष्ट खरी सांगतो, तीन महिने कोणी प्रश्नच विचारला नाही की आपल्याला येत असलेलं उत्तरही तोंडातून निघेनासं होतं.

आता मी कसा शिकलो ते. पाचवीत आजी म्हणाली पोरगं माझ्याजवळ राहू दे. मी राहिलो. पण कोपीवर लहान्याला कोण बघणार, भाकरी कोण थापणार? माझी बहीण. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, माझ्याहून हुशार, पाढे तिनेच शिकवले मला. तिची शाळा सातवीला सुटली आणि नववीच्या वयात लग्न लावलं, कारण नवरा-बायकोची जोडी असली की पुरा कोयता, उचल दुप्पट. एकट्याला अर्धा कोयता म्हणतात. ती आजही तोडायला जाते. माझ्या जिद्दीचा सत्कार झाला गावात, तेव्हा ती फडात होती.

माझ्या मायला शिक्षणाचं महत्त्व नव्हतं म्हणता, ती माझं दप्तर गाडीत सगळ्यात वर बांधायची, पीठ भिजलं तरी चालेल पण पुस्तक भिजू नये म्हणून.

सडेतोड_७७ (१३ एप्रिल, दुपारी ३:१०)

बहिणीचं वाचून वाईट वाटलं. पण मग उत्तर काय? ऊस तोडायचा बंद करायचा का?

कोपीतला (१३ एप्रिल, दुपारी ३:४०)

मशीन येतंय की, तेव्हा बंद होईलच आणि मग खायचे वांधे होतील, तो वेगळा धागा काढा. जानेवारी २०२४ ला तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, चांगलं झालं. पण टनावर पैसे आहेत तोवर घरातला एकेक हात मोजला जातो, मग तो दहा वर्षांचा का असेना.

गावोगाव_डॉक्टर (१३ एप्रिल, रात्री १०:२०)

मी शाळा तपासणीच्या पथकात होते काही वर्षं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात. "जिद्द" हा शब्द वाचला की मला एक मुलगा आठवतो. सर म्हणाले, हा मंद आहे, फळ्यावरचं उतरवतच नाही. तक्त्यासमोर उभा केला तर वरचं मोठं अक्षर सोडून काही दिसेना. मायनस साडेतीन! चष्मा आल्यावर त्याने पहिल्यांदा काय केलं असेल तर वर्गाबाहेर जाऊन चिंचेच्या झाडाकडे बघत बसला, पानं सुटी सुटी दिसतात म्हणून. पुढे तो हुशार निघाला का ते मला माहीत नाही, निदान मंद नव्हता एवढं कळलं.

आता गंमत बघा, गंमत कसली. आमचं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं. ती तारीख जानेवारीत पडली की स्थलांतरित पोरं सापडतच नाहीत. ज्यांचं रक्त कमी असायची, डोळे-कान-दात बिघडलेले असायची शक्यता जास्त, नेमकी तीच यादीत "गैरहजर". जंताची गोळी १० फेब्रुवारीला असते, तेव्हाही ती फडात. शाळेत असताना पहिली ते पाचवीच्या मुलाला दुपारच्या जेवणात १०० ग्रॅम तांदूळ आणि वर डाळ-भाजी असा ४५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रोटीनचा हिशोब आहे, तो पाच महिने बंद. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांत रक्तक्षय ६८.९ टक्के निघाला आणि वयाच्या मानाने खुजी मुलं ३५.२ टक्के. हे अख्ख्या राज्याचे आकडे आहेत, कोपीतले नाहीत. रक्त कमी असलेलं मूल आळशी दिसतं, लक्ष देत नाही, लवकर चिडतं, आणि वर्गात त्याला नाव पडतं "ढ".

मॅडम, तुमच्या तालुक्याच्या पथकाला फोन करा आणि तुमच्या शाळेची तारीख जुलै-ऑगस्टमध्ये मागून घ्या. देतात, विचारलं तर. सोनीचं हिमोग्लोबिन आत्ताच उपकेंद्रात बघून घ्या, सिस्टरना सांगा.

पंचगंगाकाठ (१४ एप्रिल, सकाळी ७:३०)

मी दुसऱ्या टोकाला आहे, कोल्हापूर जिल्ह्यात, जिथे ही मुलं येतात तिथली शिक्षिका. कोपीतला दादा, मागच्या भिंतीचं पोतं वाचून मान खाली गेली, आमच्याकडेही हे झालेलं आहे, नाही म्हणत नाही.

इथली अडचण सांगते, सबब म्हणून नाही. बैलगाडीवाल्या टोळ्या कारखान्याजवळ तळ टाकून हंगामभर एका जागी राहतात, त्यांची मुलं मिळतात. साखर शाळा, म्हणजे ऊसतोडीच्या मुलांसाठीच्या हंगामी शाळा, चालायच्या त्या अशा तळांवरच, जनार्थ संस्थेने त्यात मोठं काम केलं. पुढे आरटीई, म्हणजे शिक्षणहक्क कायदा, आल्यावर वेगळी शाळा नको, जवळच्या नियमित शाळेत घ्या असं झालं. तत्त्वाने बरोबरच आहे ते, पण तळापासून शाळा तीन किलोमीटर आणि मध्ये उसाच्या ट्रॉल्यांचा रस्ता, सहा वर्षांचं पोर कसं येणार? आणि ट्रॅक्टरवाल्या टोळ्या तर आज या गावात, पंधरा दिवसांनी पुढच्या. नाव हजेरीत चढवेपर्यंत पोरगी गेलेली असते.

तीन वर्षांपूर्वी एक साधी गोष्ट कळली मला. एक मुलगी रोज यायची, खिडकीबाहेर उभी राहायची आणि जायची. आत ये म्हटलं तर येईना. दोन-तीन दिवसांनी बघितलं, कडेवर भाऊ होता, दीड वर्षाचा. त्याला घेऊन बाई आत घेणार नाहीत असं तिने आपलं आपणच ठरवलेलं. म्हटलं दोघं या. तो वर्गात रांगायचा, खडू खायचा, एकदा माझ्या टाचणवहीवर शू केली. पण ती आली, आणि ती आली म्हणून तळावरच्या अजून चार जणी आल्या, चौघींच्या कडेवर एकेक! माझा वर्ग काही दिवस अंगणवाडी होता, मुख्याध्यापक वैतागले होते. मग अंगणवाडीताईंना गळ घातली की लहानगी त्यांच्याकडे बसवा, त्यांनी बसवली, नोंद नसताना.

तर माझं मत असं झालंय की मुलगी शाळेत हवी असेल तर आधी तिच्या कडेवरचं पोर कुठे ठेवायचं ते बघा. बाकी कार्डं-बिर्डं नंतर.

खडू_आणि_चहा (१४ एप्रिल, सकाळी ९:००)

मॅडमचा मूळ प्रश्न राहिला की, येतं तर फळ्यावर का येत नाही. यावर नोबेल मिळवलेले अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सोबत्यांचं काम २०२५ मध्ये नेचर मासिकात आलंय. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात विकणारी हजाराहून जास्त मुलं तपासली. गिऱ्हाईक बनून गेले, उलटसुलट वजनं मागितली, पोरांनी तोंडी हिशोब बरोबर दिले. तेच गणित कागदावर पुस्तकी पद्धतीने दिलं तर गडबडली. आणि शाळेतल्या पोरांचं नेमकं उलटं, कागदावरचं जमतं, बाजारातलं जमत नाही. म्हणजे अडलंय दोन्हीकडे, शिव्या एकालाच पडतात.

करायचं काय, तर उलट्या बाजूने जा. आधी तोंडी वाढे विकायला लावा, मग ती जे मनात करते ते तिच्याकडूनच बोलून घ्या, "शंभरचे अडीचशे, पन्नासचे सव्वाशे, दहाचे पंचवीस", आणि ती बोलेल तसं तुम्ही फळ्यावर लिहा. चिन्ह शेवटी. आणि वर्गातल्या राहिलेल्या सतरा पोरांना पण घ्या यात, त्यांना कळू द्या कोण हुशार आहे ते.

नवी_मास्तरीण (२१ जुलै, रात्री १०:०५)

उशिरा आले, माफ करा. सगळ्यांना मनापासून थँक्यू, हा धागा मी प्रिंट काढून टाचणवहीत लावलाय.

एप्रिलमध्ये पातळीचे गट केले. चौदातली नऊ जण तीन आठवड्यांत ऑक्टोबरच्या जागी परत आली, सोनी त्यात. तिचं हिमोग्लोबिन ८.६ निघालं, गोळ्या चालू आहेत, सिस्टर दर महिन्याला बघतात. पथकाची तारीख ऑगस्टची मिळाली. वाढ्यांचं दुकान वर्गात चालतं आता, उसाच्या पात्याऐवजी झाडूच्या काड्या. पहिल्या दिवशी मी गिऱ्हाईक झाले आणि सत्तर पेंढ्या मागितल्या तर सोनीने हिशोब केला, पैसे घेतले आणि दोन काड्या जास्त टाकल्या. म्हटलं हे काय? "तुटक्या निघत्यात बाई, दोन वर द्यावं लागतं." मी फळ्यावर ७० लिहिलं होतं, ते तिने पुसून ७२ केलं आणि किंमत तीच ठेवली. आता हे कुठल्या प्रकरणात घालू?

ज्यांनी दमून मला सल्ला दिला होता ते सर हल्ली दुकानाच्या वेळी दारात येऊन उभे राहतात. आत येत नाहीत अजून.

सोनी आता पाचवीत म्हणजे शेजारच्या गावच्या शाळेत, पण संध्याकाळी येते. काल तिच्या घरी जाऊन आले. उचल घेतलेली आहे, तुम्ही म्हणालात तसंच, जूनमध्येच. आजी पोरीला ठेवायला तयार आहे. म्हणाली, नातीचं खाणंपिणं मी बघते, तुम्ही त्या जेवणाच्या कागदाचं बघा. मी खूश होऊन उठतच होते तर सोनीची आई आतून बाहेर आली, कडेवर आठ महिन्यांचं बाळ. ते अंगावर पितं, त्याला मागे ठेवता येत नाही. तिने मला एवढंच विचारलं, मॅडम, ही इथं राहिली तर याला फडात कोण धरील?

मला उत्तर देता आलं नाही. कारखाना पंचगंगेच्या बाजूचा असेल असं मुकादम म्हणतो, नक्की दसऱ्याला कळेल.

पंचगंगाकाठ (२१ जुलै, रात्री १०:४०)

तळ कुठे पडणार ते कळलं की त्याच दिवशी इथे टाका, मुकादमाचा नंबर मला वेगळा पाठवा. बैलगाडीची टोळी आहे की ट्रॅक्टरची तेवढं मात्र आत्ताच विचारून ठेवा, त्यावर सगळं आहे. अंगणवाडीताईंशी मी उद्या बोलते.